बाज हलली नव्हती

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या लग्नात माझा फ्लॅश पेटला नाही, कारण फ्लॅशमधले सेल काढून मी रेडिओत घातले होते. क्रिकेटची मॅच होती. घोडेगावहून निघालेली एसटी डोंगरातल्या त्या गावी पोचायला बराच वेळ घेई आणि रेडिओचे सेल सकाळीच बसले होते. लग्न भर दुपारी, मांडव उघड्यावर, उन्हाळ्याचे दिवस. फ्लॅश लागतोय कशाला, असं मी मनाशी धरलं. बायकोला हे माहीत नाही, भावाला नाही, ज्यांनी मला हा धंदा शिकवला त्यांनाही मी सांगितलं नाही. त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. सेलची गोष्ट एवढीशी आहे. तिच्यावर मी पुढं जे रचलं, ते एवढंसं नव्हतं.

माझा घोडेगावात फोटो स्टुडिओ आहे. आता त्याला स्टुडिओ म्हणायचं ते पाटीवर लिहिलंय म्हणून. दिवसभर झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि वाढदिवसाचे बॅनर. तहसील कचेरीत आलेली माणसं धावत येतात, खुर्चीत बसतात, फोटो घेऊन धावत जातात. तेव्हा मात्र रोलचा जमाना होता. छत्तीस फोटोंचा एक रोल, तो धुवायला पुण्याला पाठवायचा, आणि काय आलं ते आठ-दहा दिवसांनी कळायचं.

त्या लग्नातले अंगणातले फोटो छान निघाले होते. एका कडेला हिरडा वाळत घातलेला, त्यातूनच वऱ्हाडी ये-जा करत होते. अक्षता पडल्या, जेवणं झाली, मी निघायच्या तयारीला लागलो. तेवढ्यात नवऱ्याची आई माझ्यापाशी आली. म्हणाली, "फोटोवालं, एक राहिलं. आमचं मालक आत हायती. त्यांचा सुनबाईसंगं एक काढा."

नवऱ्याचा बाप लकव्यानं एका अंगानं गेलेला होता, आतल्या खोलीत बाजेवर. आयुष्यात त्याचा एकही फोटो निघालेला नव्हता. मतदानाच्या ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं गावात आली तेव्हा तो रानात होता, म्हणून तोही राहून गेलेला. हे सगळं त्या बाईनं मला उभ्या उभ्या सांगितलं. म्हणजे हा फोटो कसला आहे, हे मला पुरतं ठाऊक होतं.

आत अंधार होता. दारातून उजेडाचा एक पट्टा येत होता, तेवढाच. म्हाताऱ्याला उठवून बसवलं, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवी नवरी. मी फ्लॅश चालू केला. चार्ज होताना त्याची बारीक शीळ वाजते, ती वाजली नाही. गावी पोचेपर्यंत मॅच ऐकण्यात सेल थकले होते, आणि तेच मी परत फ्लॅशमध्ये टाकून आणले होते. मागचा लाल दिवा लागेना. सगळं घर दारात उभं राहून माझ्याकडं बघत होतं. त्या वेळी "सेल संपलेत, बाज जरा दारापाशी ओढू या" एवढं म्हणायचं होतं. चार माणसांनी बाज उचलली असती. मी म्हटलं नाही. कॅमेऱ्याचा वेग कमी केला, सेकंदाचा आठवा भाग, स्टँड अंगणात पडलेला, श्वास धरला आणि बटण दाबलं. दाबतानाच कळलं, कॅमेरा हलला. हाताला कळतं ते.

दुसरा फोटो मी काढला नाही. शेवटच्या एसटीची वेळ झाली होती.

पंधरा दिवसांनी नवरा आणि त्याची आई अल्बम न्यायला आली. पानं उलटत उलटत ती बाई त्या फोटोपाशी थांबली. अंगणातला प्रत्येक माणूस ओळखू येत होता. आतल्या फोटोत तीन माणसं धुक्यात बसल्यासारखी.

"ह्यांचं असं का वं झालं?" तिनं विचारलं.

आणि मी म्हणालो, "नवरी हलली. ती हलली तशी बाज हलली, मग सगळेच हलले."

कसं सुचलं मला, कुणास ठाऊक. ऐकायला इतकं पटण्यासारखं होतं की क्षणभर माझाही विश्वास बसला. नवऱ्यानं पुढचं पान उलटलं. तो गप माणूस. ती बाई मात्र म्हणाली, "जरा दम निगाला न्हाई का बयेला?"

म्हातारा त्याच पावसाळ्यात गेला. तोच फोटो मोठा करून, फ्रेम करून त्यांनी भिंतीला लावला. मोठा मीच करून दिला.

पुढं काय झालं ते मला हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. त्या गावचं कोणी ना कोणी कामाला दुकानात यायचंच. भावकीत कुठंही लग्न असलं, फोटोला माणसं उभी राहिली, की त्या नवरीकडं बघून कोणीतरी म्हणायचं, "हिला कडंला घ्या रं, हालती ती!" सगळे हसायचे. मी स्वतः एका लग्नात ऐकलं. कॅमेरा माझ्याच हातात होता. ती कडेला सरकली, पदर नीट केला आणि खांबासारखी उभी राहिली. नंतर एकदा रेशनकार्डाच्या फोटोसाठी दुकानात आली. खुर्चीत बसली ती दगडाची मूर्तीच. चेहरा लाल व्हायला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अहो, श्वास तरी सोडा," मी म्हणालो.

"सोडला तर हालंल," ती म्हणाली. चेष्टेनं नाही म्हणाली.

मी फोटो काढला. एवढंच केलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती परत आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम काउंटरवर ठेवली. आता तीही पन्नाशीकडं झुकलेली, मुलाचं लग्न ठरलेलं. फ्रेमवर चंदनाच्या हाराचे डाग होते. मी बघितल्याबरोबर ओळखलं, पण ओळखलं असं दाखवलं नाही.

"भाऊ, ह्यो साफ व्हईल का?"

"इतक्या वर्षांनी?"

तिनं सांगितलं ते ऐकून मला हसावं की काय करावं कळेना. तिच्या सासूचं, आत्याबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. चार-पाच वर्षं म्हातारीला काही धड दिसत नव्हतं. पट्टी निघाली, घरी आली, ओट्यावरच्या कोंबड्या मोजल्या, समोरच्या डोंगरावरची गुरं मोजली. मग आत जाऊन नवऱ्याच्या फोटोपुढं उभी राहिली आणि रागावून बाहेर आली. म्हणाली, डागदरानं फशिवलं, डोळं अजून धुरकटच हायती.

"मी म्हनलं, आत्याबाई, डोळं चांगलं हायती, फोटोच तसा हाय. तर म्हन्ली, व्हय गं व्हय, इसारलेच की. तूच हालली व्हतीस." ती हसली. "लगीन व्हायच्या आत तिला त्येंचं त्वांड दिसाया पायजे, भाऊ. नातसून आली की मामंजींच्या पाया पडाय लावनार ती. तवा फोटोत त्वांड नगं का?"

मी म्हणालो, ठेवून जा.

आमच्या धंद्यात मेलेल्या माणसांवर फार कामं होतात. मी कित्येकांना कोट चढवलेत, फेटे बांधलेत, ज्यांनी जन्मात टाय बघितला नाही त्यांना टाय लावलेत. डोळे मिटलेले असले तर उघडून दिलेत. कोणाचं काही म्हणणं नसतं. त्यामुळं पहिल्यांदा मी सोपं केलं. मोबाइलवर हल्ली चेहरा स्पष्ट करून देणारी ॲप निघालीत, त्यातल्या एकात तो फोटो टाकला. पाच सेकंदांत चेहरा आला. भुवया कोरलेल्या, गालावर तकतकी, मिशी अशी की हिंदी मालिकेतला सासराच. मी तो तिला मोबाइलवर पाठवला.

लगेच फोन आला. मागून हसण्याचा आवाज येत होता.

"भाऊ, हे कोन पावनं बसीवलं आमच्या बाजंवर?"

मलाही हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र मी त्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. ॲपला म्हातारा दिसलाच नव्हता. त्याला धूसर जागा दिसली होती आणि तिथं त्यानं आपल्याजवळचा एक माणूस आणून बसवला होता. मग माझ्या मनात आलं, धुक्याच्या आत खरं काही शिल्लक आहे का? की मी त्या दिवशी सगळंच पुसून टाकलं?

हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता. बिघडलेला फोटो म्हणजे बिघडलेला, असंच मी धरून चाललो होतो. मोबाइलवर एका हिंदी बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ मिळाला. तो समजावून सांगत होता की हललेल्या फोटोत काही हरवत नाही, ते फक्त सांडतं. एका ठिपक्यात राहायचा उजेड रेषेवर पसरतो. ती रेषा कशी होती हे कळलं, तर कॉम्प्युटर तो उजेड उलटा गोळा करू शकतो, सगळा नाही, पण बराचसा. रेषा शोधायला फोटोत एखादा चमकणारा बारीक ठिपका बघायचा. नथीचा मोती, भांड्याची कड, काहीही. धड फोटोत तो ठिपका राहिला असता. हललेल्या फोटोत तो आपला माग काढून ठेवतो.

माग हा शब्द आमच्याकडं रोजचा आहे. उसात बिबट्या शिरला की वनखात्याची माणसं मातीत बसून बघतात. पंजा कुठून आला, कुठं वळला, कुठं थबकला. जनावर दिसत नाही, पण ते कसं चाललं ते दिसतं. मला वाटलं, हे आपल्यालाही जमेल.

आधी निगेटिव्ह शोधली. मी जुन्या निगेटिव्ह टाकलेल्या नाहीत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवल्यात. तीन दुपारी त्यात गेल्या. पट्टी सापडली, कडेला बुरशी धरलेली, पण मधला भाग चांगला. उजेडासमोर धरली आणि धुरकट चौकटीच्या पुढं बघितलं. पुढच्या दोन चौकटी भरलेल्या होत्या. मला आठवतच नव्हतं. परतीच्या वाटेवर धरणापाशी एसटी थांबली होती, उन्हं कलली होती, उन्हाळ्यात आत सरकलेलं पाणी चमकत होतं. रोल संपवायचा म्हणून मी त्याचे दोन फोटो काढले होते. पाणी अगदी स्पष्ट आलंय. एकेक लाट मोजून घ्यावी.

म्हणजे रोल शिल्लक होता. एसटीची घाई म्हणून मी म्हाताऱ्याचा दुसरा फोटो काढला नाही, आणि त्याच रोलवर पाण्याचे दोन काढले. हेही मी आजच सांगतोय.

निगेटिव्ह मोठी करून स्कॅन केली, धूळ-बुरशीचे ठिपके एकेक करून काढले. मग ठिपका शोधायला लागलो. नवरीच्या नथीत मोती होता. तो फोटोत गोल दिसत नव्हता. बारीक विळ्यासारखा वाकलेला पांढरा ओरखडा, खाली उतरत गेलेला आणि शेवटी डावीकडं वळलेला. मी तो मोठा करून बराच वेळ बघत बसलो. सेकंदाच्या आठव्या भागात त्या मोत्यानं केलेला प्रवास.

खरं सांगतो, त्या क्षणीही माझ्या मनात एक चोर होता. वाटलं, समजा नवरी खरंच हलली असेल तर? मोती तिच्या नाकात आहे. विळा तिचाच असू शकतो.

मग दुसरा ठिपका बघितला. बाजेच्या मागं, भिंतीतल्या फळीवर पितळेचा तांब्या होता आणि त्याच्या काठावर दारातला उजेड चमकला होता. त्या चमकेचाही विळाच झाला होता. तेवढाच, तसाच, खाली उतरून डावीकडं वळलेला. भिंतीला एक खिळा होता, त्यावर कंदील टांगलेला. कंदिलाच्या काचेवरचा ठिपका, तोही विळा. मी तिन्ही कापून एकावर एक ठेवले. बसले.

बाज हलली असती तर बाजेवरची माणसं हलली असती. भिंत काही बाजेवर बसलेली नव्हती.

मी उजवा हात पुढं केला, कॅमेरा धरल्यासारखा, आणि हवेतच बटण दाबून बघितलं. बोट खाली जातं, मनगट किंचित वळतं. हे मी त्या दिवशीच ओळखलं होतं, म्हणून नवीन काही कळलं असं नाही. पण माझ्या हाताचं अक्षर असावं तसं ते समोर उमटलेलं होतं, आणि पंचवीस वर्षं ते त्या घराच्या भिंतीवर, हाराखाली टांगलेलं होतं. फक्त वाचणारं कोणी नव्हतं.

तो विळा कॉम्प्युटरला दिला आणि उलटं ओढायला सांगितलं. पहिल्या खेपेला सगळीकडं वळ्या उठल्या, तळ्यात खडा टाकावा तशा प्रत्येक कडेभोवती लाटा. ओढ कमी केली, की धुकं परत. जास्त केली, की लाटा. या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी माणूस असतो. मी रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तासभर बसायचो. चेहऱ्याचा भाग वेगळा, कपड्यांचा वेगळा, थोडं थोडं. एक नियम मी स्वतःला घातला: जे निगेटिव्हमध्ये नाही ते घालायचं नाही. पापणीचा एक केससुद्धा नाही. ज्या माणसानं मेलेल्यांना टाय लावलेत, त्याला हे फार जड गेलं.

कान आधी आला. मोठा, खालची पाळी लोंबणारी. मग टोपीची कड. मग गालाचं हाड. डोळे शेवटपर्यंत सावलीतच राहिले, नुसते दोन खोल खळगे. पण ते त्याचे खळगे होते.

आणि एक गोष्ट मला छळत होती. म्हाताऱ्याच्या खांद्यावर, नवऱ्याच्या बाजूला, एक हिरवट डाग होता. फ्रेममधल्या फोटोत तो उपरण्याचा काठ वाटायचा. मी स्वतः मोठा करून देताना तसंच समजलो होतो. पण उपरणं पांढरं होतं, आणि त्याचा काठ इतर कुठं हिरवा दिसत नव्हता. मग हे काय? तो भाग मी वेगळा काढला. एक दिवस काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी ओढ जरा बदलली, आणि त्या डागात बारीक आडव्या रेषा आल्या. एकाला एक लागून, वाकलेल्या. त्यांच्यापुढं चार फिक्या, उभ्या.

बांगड्या. आणि चार बोटं.

हिरवा चुडा भरलेला हात म्हाताऱ्याच्या पाठीमागून जाऊन पलीकडचा खांदा धरून होता. एका अंगानं गेलेला माणूस बिनआधाराचा ताठ कसा बसला, हा प्रश्न मला त्या दिवशी का पडला नाही? मला फक्त लाल दिव्याची काळजी होती. तो कलंडू नये म्हणून नव्या नवरीनं, कोणी न सांगता, त्याला मागून धरून ठेवलं होतं. त्या खोलीत सर्वांत घट्ट कोणी बसलं असेल, तर ती.

ती फोटो बघायला आली तेव्हा मी तिला खुर्चीत बसवलं आणि पडदा तिच्याकडं वळवला. आधी चेहरा दाखवला. तिनं तोंडावर हात ठेवला. "मामंजीच की हे!" मग मी खांद्यावर बोट ठेवलं.

"माझा हात हाय," ती लगेच म्हणाली. "त्ये डाव्या अंगाला कलंडत व्हतं. म्हनलं फोटोत पडत्याल. म्हून धरलं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही, की मी हललेच नाही म्हणून?"

"कुनाला सांगू? नव्या नवरीचं कोन आयकतं? मशीन तुमचं. तुमी म्हनला हालली, मंजी हालली."

मी तिला तीन विळे दाखवले. नथीचा, तांब्याचा, कंदिलाचा. का दाखवले, मला सांगता येणार नाही. न दाखवताही फोटो देता आला असता. तिनं पुढं वाकून बघितलं, एकदा तांब्यावर बोट नेलं, एकदा नथीवर. बाई सातवीपर्यंत शिकलेली. समजायला तिला वेळ लागला नाही.

"मग भित बी हालली व्हय?"

"कॅमेरा हलला," मी म्हणालो.

"आपुआप?"

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"क्यामेरा कुनाच्या हातात व्हता, भाऊ?"

"माझ्या."

ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती खुर्चीत मागं टेकली, आणि मोकळा श्वास सोडला. माझ्या दुकानात, त्या खुर्चीत, पहिल्यांदाच.

"आयकून आयकून मलाबी वाटाया लागलं व्हतं," ती म्हणाली. "म्हनायची, आसंन बाई हालली. धरताना हालली आसंन. रातीच्या जेवनाला बसले आन् फोटोकडं ध्यान गेलं, की घास उतरायचा न्हाई. येका मानसाचं त्वांड मी घालिवलं आसं वाटायचं."

मग उठली, पदर खोचला. "आत्याबाईला तुमीच सांगा. मी सांगितलं तर म्हनंल, सून आपली बाजू वढती."

"सांगतो," मी म्हणालो.

फ्रेम घेऊन मी स्वतः गेलो. आता रस्ता डांबरी झालाय, मोटारसायकलनं तासाभरात पोचलो. म्हातारी ओट्यावर नाचणी पाखडत होती. ऐकायला फार कमी येतं तिला. डोळे परत मिळाले पण कान गेले. सून दारात उभी राहिली. मी फ्रेम म्हातारीच्या मांडीवर ठेवली.

तिनं सूप बाजूला सारलं. हात पुसले. फ्रेम लांब धरली, जवळ धरली. मग बोटानं कान चाचपला, काचेवरून.

"कान बघ," ती सुनेला म्हणाली. "ह्यो कान. असाच व्हता." जरा वेळानं म्हणाली, "डोळं न्हाई आलं."

"डोळे सावलीत होते, आजी," मी मोठ्यानं म्हणालो.

"आसंना. कान आला." ती बघतच राहिली. मग तिचं बोट खांद्याकडं गेलं. "ह्यो हात कुनाचा?"

"सुनेचा," मी ओरडून सांगितलं. "तिनं धरलं होतं त्यांना."

म्हातारीनं सुनेकडं बघितलं. सुनेनं माझ्याकडं बघितलं.

"धरलं व्हतं?" म्हातारी म्हणाली. "धरलं व्हतं, तर मग हाललं कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी आठवडे घालवून जिथं पोचलो होतो तिथं ती एका वाक्यात आली. उत्तर माझ्या तोंडात होतं. पण ते तिच्या कानावर जायचं तर हलक्या आवाजात चालणार नव्हतं. ओरडावं लागणार होतं. शेजारच्या ओट्यावर माणसं बसली होती, अंगणात तिचा नातू मांडवाचे वासे तासत होता, आणि अख्ख्या गावात मी पंचवीस वर्षांपासून 'आपलं फोटोवालं' होतो.

"जुना कॅमेरा होता, आजी," मी ओरडून म्हणालो.

सून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला.

"क्यामेऱ्याचं काय," म्हातारी म्हणाली. "धरता धरताच हालली आसंल. कोवळी व्हती तवा." आणि तिनं फ्रेम उराशी धरली.

सुनेनं चहा आणून दिला. कपबशी माझ्यापुढं ठेवताना तिनं वर बघितलं नाही. मी चहा प्यालो. चांगला झाला होता. मोटारसायकल चालू केली तेव्हा कोणी 'या पुन्हा' म्हणालं नाही, सुनेचा मुलगा तेवढा म्हणाला, "लग्नाचं फोटो तुमीच काढायचं बरं का, काका."

लग्न पुढच्या महिन्यात आहे. कॅमेरा नवा आहे, हात हलला तरी तो सांभाळून घेतो, आणि सेल मी दोन जोड जास्तीचे नेतो. त्या फोटोसाठी मी काही घेतलं नाही, पण त्यानं काही फिटलं नाही.

त्या ओट्यावर उभं राहून, म्हातारीला ऐकू जाईल आणि शेजारच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, त्या दिवशी सून हलली नव्हती, माझा हात हलला होता आणि मी खोटं बोललो होतो, हे सांगणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.